विमान आलं, आता बस पाहिजे

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



सर्वप्रथम पंचवीस वर्षं एकत्र राहिल्याबद्दल आपणा सर्वांचं अभिनंदन. एका घरात चार भाऊ पंचवीस वर्षं एकत्र राहत नाहीत. आपण इतकी कुटुंबं एका आवारात राहिलो. पाणी, मेंटेनन्स आणि गणपतीची वर्गणी या तिन्ही विषयांवर भांडलो आणि तरी आज एका मांडवात जेवायला बसणार आहोत. हे काही लहानसहान काम नव्हे.

मला विषय दिला आहे, "आपला विमानतळ आणि बडनेऱ्याचं भविष्य". विषय मोठा आहे आणि मागून मसालेभाताचा वास येतो आहे, याची मला कल्पना आहे. म्हणून एकच गोष्ट सांगतो आणि बसतो. ती गोष्ट अशी: विमानतळ धावपट्टीवर चालत नाही, तो त्याच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चालतो. आणि तो रस्ता आपल्या बडनेऱ्यातून जातो.

आधी थोडी माहिती. बेलोऱ्याची धावपट्टी आपल्यापैकी अनेकांनी लहानपणापासून पाहिली आहे. वर्षानुवर्षं तिथं नेत्यांची छोटी विमानं आणि हेलिकॉप्टरं तेवढी उतरायची. निवडणूक आली की बेलोऱ्याला जाग यायची आणि निकाल लागला की ते पुन्हा झोपी जायचं. धावपट्टी होती 1372 मीटरची. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीनं ती 1850 मीटर केली, म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर वाढवली. नवं टर्मिनल बांधलं, साधारण 2600 चौरस मीटरचं. 16 एप्रिल 2025 रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, दोन्ही उपमुख्यमंत्री आणि केंद्रीय विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांच्या उपस्थितीत उद्घाटन झालं आणि अलायन्स एअरचं मुंबईचं विमान सुरू झालं. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस. विमान एटीआर जातीचं, पंख्याचं, साधारण सत्तर आसनांचं. त्याशिवाय एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था तिथं उभी राहते आहे. तिच्यासाठी 34 प्रशिक्षण विमानं आणि दरवर्षी 180 वैमानिक, असं नियोजन जाहीर झालेलं आहे.

त्या दिवशी आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर विमानाचे फोटो फिरत होते. आनंद झालाच पाहिजे. वऱ्हाडातल्या माणसाला इतकी वर्षं विमान पकडायचं म्हणजे आधी नागपूर गाठावं लागत होतं. दीडशे किलोमीटर, तीन तास. पहाटेचं विमान असलं की रात्री एकलाच निघायचं.

पण आनंद झाल्यावर हिशेबही केला पाहिजे. हे विमान केंद्र सरकारच्या उडान योजनेतलं आहे. ही योजना 2016 साली जाहीर झाली आणि 2017 च्या एप्रिलमध्ये सिमला-दिल्ली हे तिचं पहिलं विमान उडालं. हिचं सूत्र सोपं आहे. लहान गावातून विमान चालवायला कंपनीला परवडत नाही, म्हणून काही आसनांचं भाडं मर्यादेत ठेवायचं आणि त्यातून पडणारी तूट सरकारनं भरून द्यायची. पण ही मदत जन्मभराची नाही. साधारण तीन वर्षांची आहे. तीन वर्षांनी त्या विमानानं आपल्या पायावर उभं राहायचं.

आता किती उभी राहिली ते ऐका. भारताच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगनं, 2023 साली या योजनेचा अहवाल दिला. तपासलेल्या टप्प्यांत 774 मार्ग दिले गेले होते. त्यातले 403 सुरूच झाले नाहीत. 371 सुरू झाले. त्यातल्या फक्त 112 मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. आणि तीन वर्षांनंतरही मार्च 2023 मध्ये चालू होते ते 54. म्हणजे शंभर मार्ग दिले तर शेवटी टिकले सात. कारणं वेगवेगळी होती. कुठं विमानतळच तयार नव्हता, कुठं कंपनीकडे विमानं नव्हती, कुठं विमान होतं पण प्रवासी नव्हते. आपल्याच राज्यात कोकणात पाहा. मुंबई-सिंधुदुर्ग विमान 2021 च्या ऑक्टोबरमध्ये मोठ्या थाटात सुरू झालं आणि तीनेक वर्षांनी, 2024 मध्ये थांबलं.

हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण आपल्या विमानाची तीन वर्षं एप्रिल 2025 पासून मोजली तर ती एप्रिल 2028 ला भरतात. कंपनीकडे विमानं किती, इंधनाचे भाव काय, मुंबईत उतरायला वेळ कोणती मिळते, हे काही आपल्या हातात नाही. पण त्या सत्तर आसनांवर माणसं बसतात की नाही, हे बऱ्याच अंशी आपल्याकडच्या सोयीवर अवलंबून आहे.

आता कोणी म्हणेल, "बावा, तिकीट काढलं तं माणूस पोहोचतेच ना एअरपोर्टवर! त्याची काळजी आपण काहून करा?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देतो.

आपल्याकडून मुंबईला जायला लोकांची आवडती गाडी कोणती? अंबा एक्सप्रेस. संध्याकाळी जेवणाचा डबा घेऊन बसायचं, झोपायचं, सकाळी मुंबई. बडनेऱ्यावरून तर विदर्भ, गीतांजली, हावडा मेल, किती गाड्या जातात! विमानाची स्पर्धा या गाड्यांशी आहे. विमानाला आकाशात पावणेदोन-दोन तास लागतात. पण माणूस आकाशातला वेळ मोजत नाही. तो घराच्या उंबऱ्यापासून मुलाच्या उंबऱ्यापर्यंतचा वेळ मोजतो. त्यात विमानतळावर किमान तासभर आधी पोहोचणं आलं. गाडी कोणाची न्यायची, ड्रायव्हर कोण, परत कोण आणणार, याची फोनाफोनी आली. मुंबईत उतरल्यावरचा प्रवास आला. त्यातली मुंबईची बाजू आता सुधारली. मुंबईच्या विमानतळाखाली भुयारी मेट्रो आली, पण तिला 2024 उजाडलं. एवढ्या मोठ्या शहराला एवढा उशीर! आपली बाजू सुधारायची आपल्या हातात आहे, आणि ती तुलनेनं फार स्वस्तात होण्यासारखी आहे.

आणि एक गोष्ट विसरू नका. या सोसायटीत पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा आपली मुलं शाळेत होती. आज त्यांतली निम्मी पुण्या-मुंबईला किंवा त्याही पलीकडे आहेत. इथं राहिलो आपण. विमानाची खरी गरज कोणाला आहे? सत्तरीच्या काकांना, ज्यांना रात्रभर गाडीत बसलं की पाठ धरते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकूंना, ज्यांना वरचा बर्थ मिळाला की रडू येतं. एकटीनं नोकरीच्या गावाहून घरी येणाऱ्या मुलीला. या माणसांपैकी किती जण स्वतः गाडी चालवतात? आज बहुतेक लोक विमानतळावर जातात ते स्वतःच्या कारनं, नाहीतर पाहुण्यांच्या, नाहीतर रिक्षा-टॅक्सीवाल्याशी घासाघीस करून. ज्याच्या घरी कार आहे आणि चालवणारा माणूस आहे, त्याचा विमानतळ जवळ. बाकीच्यांचा तोच विमानतळ दूर. अंतर तेवढंच!

आता पार्किंगकडे येतो. हा विषय काढला की आपल्या सोसायटीत टाळ्या पडतात किंवा भांडण लागतं.

पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या सोसायटीचा नकाशा झाला तेव्हा त्यात स्कूटरसाठी शेड होतं. कार घेईल कोण, असं सगळ्यांना वाटायचं. आज काय परिस्थिती आहे ते मी सांगायला नको. गेटसमोर कोण लावतो, पाण्याच्या टाकीजवळ कोण लावतो, पाहुण्यांच्या गाडीचं काय, यावर आपल्या जितक्या सभा झाल्या तितक्या दुसऱ्या कोणत्याच विषयावर झाल्या नाहीत. आपण झाडांची जागा कमी केली, मुलांच्या खेळायची जागा कमी केली, तरी पार्किंग पुरत नाही. पार्किंगचा स्वभावच तसा आहे. जेवढं द्याल तेवढं खातं आणि पुन्हा ताट पुढं करतं.

विमानतळाचा हिशेब करून पाहू. नगररचनेच्या हिशेबात उघड्या जागेवर एक कार उभी करायची, तिला वळायची जागा ठेवायची, तर साधारण 23 चौरस मीटर लागतात. आता एक विमान येतं तेव्हा समजा सत्तर माणसं उतरली आणि सत्तर चढली. एटीआर विमान जमिनीवर फार वेळ थांबत नाही, तेव्हा ही दोन्ही मंडळी एकाच तासात तिथं जमतात. दोन माणसांमागं एक कार धरली तर सत्तर कार. सत्तर गुणिले तेवीस, म्हणजे 1610 चौरस मीटर. उद्या देवाच्या दयेनं दुसरं विमान लागलं आणि दोघांची वेळ जवळजवळ आली, तर 3220 चौरस मीटर. टर्मिनल आहे 2600 चौरस मीटरचं. म्हणजे घरापेक्षा ओसरी मोठी!

आणि हा झाला शहाण्या माणसांचा हिशेब. आपल्याकडे एक माणूस विमानानं जातो तेव्हा पाच जण सोडायला येतात. विमान आकाशात दिसेनासं होईपर्यंत कोणी जागचं हलत नाही. त्यात वाईट काही नाही, तो आपला जिव्हाळा आहे. पण त्या जिव्हाळ्याला डांबरी जागा लागते, आणि ती जागा कोणाच्या तरी शेतातून येते. बेलोरा आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी या विमानतळासाठी जमिनी दिल्या आहेत. कापूस-सोयाबीन-तुरीची जमीन. ती धावपट्टीसाठी गेली, हे एक वेळ समजू शकतं. पण ती सत्तर कार तासभर उभ्या राहण्यासाठी जावी, हे कोणालाही पटणार नाही.

दुसरीकडे एक बस घ्या. तीसेक माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन ती येते, बारा मीटर लांबीची जागा घेते, माणसं उतरवते, चढवते आणि निघते. आपल्या जिव्हाळ्याच्या मंडळींना तीत पाठवायचं असेल तर परतीच्या बसनं पाठवता येतं.

मोठ्या शहरांनी यातून काय शिकलं, तेही थोडक्यात सांगतो. बंगळुरूचा नवा विमानतळ 2008 साली सुरू झाला, गावापासून तीसपस्तीस किलोमीटर दूर. मेट्रो नव्हती. पण तिथल्या शहर बससेवेनं 'वायू वज्र' नावाच्या वातानुकूलित बस सोडल्या. शहराच्या वेगवेगळ्या भागांतून थेट टर्मिनलच्या दारात. आयटीतला साहेब आणि पहिल्यांदा विमानात बसणारा मजूर एकाच बसमध्ये बॅगा ठेवतात. आता आपल्या नागपूरचं पाहा. नागपूरची मेट्रो 2019 मध्ये सुरू झाली. तिच्यावर एका स्थानकाचं नाव एअरपोर्ट आहे. नाव वाचून माणूस उतरतो, आणि खाली वर्धा रोड. टर्मिनल पुढं आत आहे, बॅग ओढत पायी जाण्याजोगं नाही. म्हणजे हजारो कोटींचा प्रकल्प आणि शेवटच्या दीड-दोन किलोमीटरला पुन्हा दुसरं वाहन शोधायचं. पुण्यात टर्मिनलसमोर 2022 साली बहुमजली पार्किंग बांधलं, आणि मेट्रो रामवाडीपर्यंत 2024 मध्ये पोहोचली. तिथून पुढं विमानतळाला पुन्हा रिक्षा किंवा बस. तिन्ही ठिकाणी पैशाचा प्रश्न एकसारखा नव्हता. फरक एवढाच की बंगळुरूत शेवटच्या पायरीचा विचार विमान उतरण्याआधी झाला आणि बाकी ठिकाणी नंतर.

आता आपल्या बडनेऱ्याकडे येतो, कारण खरी गंमत इथंच आहे. आपल्याला हा धडा शिकायला बंगळुरूला जायची गरजच नाही. तो आपल्या स्टेशनवर लिहिलेला आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुख्य लाईन 1867 मध्ये नागपूरला पोहोचली. वऱ्हाडातून जाताना ती अमरावती शहरातून गेली नाही, बडनेऱ्यावरून गेली. त्या काळात अमरावती कापसाची केवढी मोठी पेठ! आणि गाडी सहा मैल दूर. बैलगाड्यांनी गाठोडी आणायची, उतरवायची, पुन्हा चढवायची. तेव्हा लोकांनी काय केलं? मुख्य लाईन हलवा म्हणून पन्नास वर्षं मोर्चे काढले नाहीत. सहा मैलांचा फाटा टाकला. 1871 मध्ये बडनेरा-अमरावती रेल्वे सुरू झाली. चारच वर्षांत! तिकडे खामगावलाही तेच झालं. मुख्य लाईन जलंबवरून गेली आणि खामगावला आठ मैलांचा फाटा मिळाला.

दीडशे वर्षांपूर्वीच्या कापसाच्या व्यापाऱ्याला जे कळलं ते असं: मुख्य लाईन कितीही मोठी असली तरी शेवटचे सहा मैल जोडले नाहीत तर ती आपली नाही. आणि आपलं बडनेरा मोठं झालं ते त्या जोडामुळे. जंक्शन या शब्दाचा अर्थच जोड. आपण जोडावर राहणारी माणसं आहोत.

आज पुन्हा तशीच वेळ आली आहे. अमरावतीपासून विमानतळ पंधराएक किलोमीटर, आणि वाटेत आपण. रेल्वे आपल्याकडे, महामार्ग आपल्याकडे, यवतमाळ रोड आपल्याकडे. आणि हा नुसता अमरावतीचा प्रश्न नाही. अकोल्याचं पाहा. शिवणीची धावपट्टी ब्रिटिशांच्या काळातली, आपल्या बेलोऱ्याच्या कितीतरी आधीची. पण तिचं विस्तारीकरण जमिनीच्या प्रश्नात वर्षानुवर्षं रखडलं. त्यामुळे अकोला, मूर्तिजापूर इथल्या माणसाला सर्वांत जवळचं प्रवासी विमान मिळतं ते बेलोऱ्यालाच. तो माणूस कसा येणार? कारनं आला तर दोन तास गाडी चालवणार आणि तीन-चार दिवस ती विमानतळावर उभी ठेवणार. तोच माणूस रेल्वेनं तास-सव्वा तासात बडनेऱ्याला उतरू शकतो. उतरल्यावर स्टेशनच्या बाहेर बस उभी असली, तर अकोल्याचं स्टेशन हे आपल्या विमानतळाचं दार झालं. धामणगाव झालं, चांदूर झालं. विमानाला प्रवासी हवेत ना? ते असे रुळावरून येतील. बडनेरा स्टेशन ते टर्मिनल एवढी एक बस, आणि विमानतळाचा पसारा पाच स्टेशनांनी वाढला. याला धावपट्टीचा एक मीटरसुद्धा वाढवावा लागत नाही.

इथं हमखास एक शंका निघते. "आठवड्यातून तीन दिवस विमान, सत्तर माणसं. त्यासाठी बस कोण सोडीन? रिकामीच फिरन ना ते!"

शंका बरोबर आहे. म्हणून फक्त विमानासाठी वेगळी बस मागायचीच नाही. शहर बसच्या बडनेऱ्यापर्यंत येणाऱ्या फेऱ्यांपैकी काही पुढं वाढवायच्या आणि त्या विमानाच्या वेळेला बांधायच्या. बाकी दिवशी तीच बस वाटेतल्या गावांच्या कामी येईल. विमानतळावर रोज जाणारी माणसं कोण? प्रवासी तर कधीमधी जातो. रोज जातात ते सुरक्षा रक्षक, सफाई कामगार, सामान चढवणारे, कॅन्टीनमधली पोरं, उद्या प्रशिक्षण संस्थेतले कर्मचारी. विमानात बसणाऱ्यापेक्षा यांना बस जास्त लागते. शिवाय बेलोऱ्याची शाळकरी मुलगी, बडनेऱ्याच्या बाजारात भाजी आणणारी बाई. ज्या गावानं जमीन दिली त्या गावाला विमान नाही तर निदान बस तरी मिळाली पाहिजे.

खर्चाचा साधा हिशेब मांडू. समजा बस चालवायला किलोमीटरला साठ रुपये येतात. जाऊन-येऊन तीस किलोमीटर, म्हणजे एका फेरीला अठराशे रुपये. जाताना पंधरा, येताना पंधरा, अशी तीस माणसं साठ रुपये देऊन बसली की खर्च निघाला. सुरुवातीला नाही निघाला तर तूट किती? काही शे रुपये. ज्या विमानाच्या आसनांसाठी सरकार तूट भरून देतं, त्या विमानापर्यंत नेणाऱ्या बसची ही तूट कोणाला जड होऊ नये.

तर आपण नेमकं काय मागायचं? नुसतं "सुविधा द्या" म्हटलं की निवेदन फायलीत जातं. म्हणून चार गोष्टी लिहून घ्या.

पहिली, महानगरपालिकेकडे. अमरावती शहर, बडनेरा स्टेशन आणि विमानतळ अशी बस. वेळ विमानाच्या वेळेला बांधलेली. जाणारी बस विमानाच्या दीड-दोन तास आधी टर्मिनलवर. परतीची बस घड्याळ पाहून सुटता कामा नये. विमान उतरलं, माणसं बॅगा घेऊन बाहेर आली, की सुटायची. विमानाला उशीर झाला आणि बस निघून गेली असं दोनदा झालं, तर तिसऱ्यांदा कोणी बसवर विश्वास ठेवणार नाही.

दुसरी, एस.टी. महामंडळाकडे. यवतमाळकडे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना विमानतळाच्या फाट्यावर विनंती थांबा. त्याबरोबर तिथं एक शेड, दिवे आणि फाट्यापासून टर्मिनलपर्यंत बॅग ओढत चालता येईल असा पदपथ. याला नवी गाडी लागत नाही, नवा ड्रायव्हर लागत नाही. एक आदेश आणि थोडंसं सिमेंट.

तिसरी, रिक्षा आणि टॅक्सीबद्दल. आपले रिक्षावाले आपलीच माणसं आहेत, त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही. उलट बडनेरा स्टेशन आणि विमानतळ, दोन्ही ठिकाणी ठरलेल्या भाड्याचा फलक लावा. परगावच्या माणसाला भाडं आधी कळलं तर तो निर्धास्त बसतो, आणि रिक्षावाल्यालाही घासाघीस करावी लागत नाही. एकट्या मुलीला रात्री घरी यायचं असेल तर हा फलक आणि नोंदणीची वही किती मोलाची, ते तिच्या आईला विचारा.

चौथी, विमानतळ विकास कंपनीकडे. पार्किंगच्या आराखड्यात टर्मिनलच्या दाराला सर्वांत जवळची जागा बसला द्या, तिच्यानंतर अपंग आणि वृद्धांना सोडणाऱ्या गाड्यांना, मग रिक्षा-टॅक्सीला, आणि सर्वांत दूर कित्येक दिवस उभ्या राहणाऱ्या कारला. सोडायला येणाऱ्याला पहिली काही मिनिटं मोफत, त्यानंतर शुल्क. कामगारांच्या दुचाकींना सावलीचं शेड. आणि बसच्या थांब्यासाठी जागा आजच राखून ठेवा. आज तिथं मोकळं रान आहे, म्हणून जागेचं मोल वाटत नाही. आपल्याही आवारात पंचवीस वर्षांपूर्वी मोकळं रान होतं! एकदा लोकांना गाडी लावायची सवय लागली की ती जागा परत मिळवणं किती कठीण असतं, हे या मांडवातल्या माणसांना मी शिकवायला नको.

याला घाई का, तेही सांगतो. विमानतळ वाढणार आहे. नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होतो आहे, त्याचं भूमिपूजन सप्टेंबर 2024 मध्ये झालं. ती माणसं ये-जा करतील. प्रशिक्षण संस्थेची पोरं देशभरातून येतील, त्यांचे आई-वडील भेटायला येतील. मेळघाट-चिखलदऱ्याला जाणारे पर्यटक येतील. ही गर्दी आली की दोनच रस्ते असतात. एक तर ती बसनं आणि रेल्वेनं येईल, किंवा एकेक जण एकेक कार घेऊन आपल्या बडनेऱ्याच्या रस्त्यावरून जाईल. जुनी वस्ती आणि नवी वस्ती यांच्या मधून रूळ जातात. आज शाळा सुटायच्या वेळेला पुलाजवळ काय अवस्था असते, ते आपण रोज भोगतो. त्यात विमानाच्या घाईत असलेली कार मिसळा. विमानतळाचा फायदा अमरावतीला आणि धूर-भोंगे बडनेऱ्याला, अशी वाटणी व्हायला वेळ लागणार नाही. आणि लोकांच्या सवयी पहिल्या दोन-तीन वर्षांतच पडतात. विमानाची तीन वर्षं आणि सवयीची तीन वर्षं एकच आहेत.

आता सोसायटीनं काय करायचं? मंडळी, आपण सहकारी संस्था आहोत. एकट्या माणसाचं निवेदन अर्ज असतो, संस्थेचा ठराव हे लोकांचं म्हणणं असतं. माझी अध्यक्ष-सचिवांना विनंती आहे की येत्या सर्वसाधारण सभेत या चार मागण्यांचा ठराव घ्यावा. बडनेऱ्यातल्या दहा-वीस सोसायट्यांनी असाच ठराव केला तर महानगरपालिकेला, एस.टी.च्या विभागीय कार्यालयाला आणि विमानतळ विकास कंपनीला तो वाचावा लागेल. सोबत एक साधा कागद जोडा: गेल्या वर्षभरात आपल्या सोसायटीतले किती जण विमानानं गेले, कोणत्या गावाहून, विमानतळावर कसे पोहोचले, आणि बस असती तर वापरली असती का. मुलांनो, हे काम तुमचं. सुट्टीत घरोघरी जा, वही घ्या, विचारा. आकडे घेऊन गेलेल्या माणसाला साहेब खुर्ची देतो.

आणि शेवटची अट आपल्यावर. बस आली तर तीत बसायचं. बस मागायची आपण, आणि ती आली की कारची चावी शोधायची, असं चालणार नाही. "आपल्याले काय करा लागते बसचं, आपल्याजवळ गाडी आहे ना" असं म्हणणारा एखादा प्रत्येक विंगमध्ये असतो. त्याला एवढंच सांगा की दादा, तुझी गाडी आहे, पण तू कायम चालवशीलच असं नाही. आणखी पंचवीस वर्षांनी सुवर्णमहोत्सव होईल तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या हातात स्टिअरिंग नसेल, काठी असेल. तेव्हा स्टेशनसमोर उभी असलेली बस आपल्याला आज मागावी लागते.

स्वयंपाक तयार असल्याची खूण मागून होते आहे. अध्यक्षांनीही दोनदा घड्याळ पाहिलं.